खजुराच्या लाडवावर तूप

मला वाटलं होतं, पुण्याहून आहारशास्त्र शिकून बहारीनला घरी परतले की बाबांचं पथ्य मीच सांभाळणार. पाहते तर सगळं घरच फितूर! बहारीनहून सौदीला जाणारा समुद्रावरचा पूल व्हायच्या आधीची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी बाबांचं तूप बंद केलं, म्हणून त्यांच्या लाडक्या बेसनलाडवाऐवजी मी खजूर-तिळाचे लाडू वळले. बाबा रोज म्हणायचे, "फर्स्ट क्लास!"

एकदा मी ऑफिसातून लवकर आले, तर आई त्यांच्या फोडलेल्या लाडवावर तूप वाढत होती.

"बाबा!"

"अगं, आत तूप नाहीये ना? म्हणून वरून घेतोय."

आई म्हणाली, "कोरडं गोड कसं वाढायचं माणसाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुपाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"अगं, देवाच्या निरांजनाला तरी ठेव!" आई ओरडली.

"तेल घाल. आजपासून देवालाही पथ्य!"