वाकळीला आलेलं पोट

हॅलो?… हॅलो, कोन?… आक्का, तू व्हय. व्हय, रंगूच बोलती. जरा मोठ्यानं बोल, हितं पोरांचा लय कालवा हाय.

न्हाई, अजून सांगलीतच हाय. कालिजात… अगं सांगितलं हुतं की तुला, धंदापान्याचं शिकवत्यात त्या कालिजात. एमबीए… व्हय, व्हय, वाकळ शिवाया शिकवाया. हितं गोधडी म्हनत्यात. तीन दिस. आज शेवटचा.

आता हसू नगंस… अगं ऐक तर. अपूर्वा मॅडम म्हनत्यात, पोरं पाठ करून मार्क पाडत्यात, पन नवं काय सुचत न्हाई त्येंना. म्हून हातानं कायतरी करू द्यायचं. मागल्या म्हयन्यात चित्रं काढनारा आनला हुता, आता मला.

…भ्यालेच हुते की. तू असतीस तर बरं झालं असतं. पन तूच म्हनलीस, शिकल्यासवरल्या पोरांत आपलं हसं हुईल… बरं, न्हाई म्हनली असशील. मग काय आपली म्हस म्हनली?

ऐक ना. घरातली जुनी कापडं आना म्हनलं, तर दुकानातनं नवं कापड घिऊन आली. इस्त्री केलेलं. परत धाडली. मग काल वाकळ अंथरली, तर ह्येंनी चार टोळ्या केल्या. हरेक टोळीला येक म्होरक्या, आनि येक जन नुसतं घड्याळ बघाया… न्हाई, तो शिवत न्हाई. त्येचं काम घड्याळ बघायचं… मलाबी तसंच वाटलं, पन म्हनलं आसंल त्येंच्यात पद्धत.

चारी कोपऱ्यांतनं सुटली, मधी भेटायचं म्हून. कुनी कुनाकडं बघत न्हाई, बोलत न्हाई, कानात ती गान्याची बोंडं. मी च्या प्याया गेले, येऊन बघती तर मधी ह्ये येवढं पोट आलेलं… वाकळीला गं, ढिलं कापड समदं मधी गोळा झालेलं. सातव्या म्हयन्यातली बाई निजल्यावानी.

सौमित्र म्हून त्येंचा पुढारी हाय, गुनी पोरगं. म्हनतो, काकू, वेळेच्या आधी झाली. म्हनलं, झाली बाबा, पन ह्या डोंगरावर निजायचं कुनी?

…उसवली की. समदी. पोरं रडकुंडीला आली. मॅडमचं तोंड येवढंसं झालं. आज तीनला त्येंचं मोठं सायेब बघाया येनार, आनि त्येंना पटलं न्हाई तर ह्यो वर्ग कायमचा बंद. मॅडमनी भांडून भांडून चालू केलाय ह्यो… तेच की.

मग सकाळी म्हनलं, कानातलं काढा. येका कडंनं वळीनं बसा आनि गप्पा मारा… व्हय, आपन बसतो तसंच. जो पुढं जाईल त्यानं हात थांबवायचा, मागचा येऊस्तवर. आधी घुम्यावानी बसली. मग येकीनं आईचं गाऱ्हानं काढलं, येकानं मेसच्या आमटीचं, आनि लागली गाडी मार्गाला.

आनि आक्का, ऐक ना… अगं भाकरीचं मागनं सांग. सौमित्रनं बापाचा जुना शर्ट आनला हुता. म्या म्हनलं, खिसा उसव, सपाट कर. तर म्हनला, काकू, ऱ्हाऊ दे की, कुना आजीला निजताना चष्मा ठेवाया हुईल… खरंच. उशाशी बरोबर लावलाय. चाळीस वर्सं वाकळा शिवतोय आपन, खिसा सुचला का कवा आपल्याला? लय म्हंजे लय आनंद झाला मला. डोळं भरून आलं.

…न्हाई, कराडची चारची गाडी न्हाई घावायची. मलकापूरला उद्याच येती. भाकरी झाकून ठिव…

थांब. थांब, सायेब आलं. अडीचलाच. फोन चालूच ठेवती, तू गप ऱ्हा.

…व्हय सायेब, मीच रंगूबाई… कालवा हुनारच की… हसतबी हुती, व्हय… न्हाई सायेब, कागदावर लिहिलेलं काय न्हाई माज्याकडं… पोरं काय शिकली म्हंजे? हात फिरवून बघा की वाकळीवर. कुठं पोट लागतंय का सांगा… तो व्हय, तो खिसा हाय. त्यो त्येनं सोताच्या डोक्यातनं काढलाय, म्या न्हाई शिकवला.

…आक्का, हायस का? सायेब वाकळीच्या खिशात हात घालून बघत्यात… काढला… परत घातला. मॅडम भितीला टेकून उभ्या ऱ्हायल्यात.

काय म्हनला सायेब?… पुढच्या वर्साला?… तीन न्हाई, पाच दिस?… आवं मला कशाला इचारता, मॅडमना सांगा. त्येंचा जीव टांगनीला लागलाय कवाचा.

…ऐकलंस आक्का? चालू ऱ्हानार म्हनत्यात… आता रडाया काय झालं तुला? नाक पूस. पुढच्या खेपंला तू माज्यासंगं. नुसतं बसायचं आनि बोलायचं, त्यात तर तुजा हात कोन धरत न्हाई.

बरं, ठेवती… अगं व्हय, जेवले… ठेवती म्हनलं ना. सायबांनी बूट काढल्यात, पोरांच्या वळीत बसल्यात. सुई घेतलीया हातात… कसलं शिवत्यात, दोरा ओवाया येत न्हाई त्येंना. तीनदा थुकी लावून झाली. ठिव.