शिवंपल्याडचं औषिद

माजं म्हायेर आटपाडीकडं, तिकडं पानी न्हाई, पीक न्हाई, तवा तिथं संस्थानाचं राज्य हुतं, आन मला दिलं हिकडं खंडाळ्याकडं, इंग्रज सरकारच्या मुलखात. मालक पलटणीत. लगीन झालं आन वरसाच्या आत लढाईवर गेलं, मी पोटुशी.

काय सांगू तुमाला, सरकारनं शिपायांच्या बायकापोरांना दवाखाना फुकट केलेला. खंडाळ्याच्या दवाखान्यातली नर्सबाई मला म्हनाली, पोरी, हितंच बाळंत हो, संस्थानात तुमचं फुकट चालत न्हाई. मी घरी सांगितलं तर सासू म्हनाली, आगं पयलं बाळंतपण म्हायेरीच, न्हाईतर लोक म्हनतील आईबाप मेलं का हिचं. आई तर न्यायलाच आलेली. मलाबी आईच्या हातचं खावंसं वाटत हुतं, खोटं कशाला बोलू. गेले.

पोरगी झाली. लय गोरी, मालकांच्या वळनाची, बारशाला तिचं नाव काशी ठेवलं. थंडी पडली आन तिची छाती भरली, दूध वढंना. दवाखान्यात नेली तर कंपौंडर म्हनला, बाई, शिपायाचं हितं काय न्हाई, चांगल्या गोळ्या इकतच घ्याव्या लागतील. बानं त्याचं पाय धरलं. आमच्याकडं जोंधळ्याचीच मारामार, गोळ्या कशानं घ्यायच्या? मग मी म्हनलं, बा, मला सासरी घाल, तिथं माज्या पोरीला औषिद हाय.

गाडीनं निघालो, मग मोटार धरली. सातारा सोडल्यावर ती गार पडली वो. मला कळलं, पर मोटारीतनं उतरवतील म्हनून कुनाला बोलले न्हाई, बालाबी न्हाई, पदराखाली धरून पाजल्यावानी बसले, खंडाळा येस्तवर. नर्सबाईनं हातात घेतली आन खालीच बसली.

मालक लढाईवरनं सुखरूप आलं. त्येंनी पोरीला बघितलंच न्हाई. रजंवर आलं की इचारत्यात, कशी हसायची गं? मी सांगते, परत परत सांगते.

आता परत दिवस हायेत मला. परवा आई न्यायला आली, म्हनली, संस्थानं गेली, आता सगळं एकच सरकार, चल की गं. मी म्हनलं, आई, तूच हितं ऱ्हा. ती रडली, मीबी रडले. आता आटपाडीच्या बायांना औषिद मिळंल म्हनत्यात, मिळूं दे बाई, त्येंची लेकरं जगूं देत. माज्या काशीच्या वक्ताला तेवढं झालं न्हाई.