कापसातली भिंत

त्या साली भाव चढंन म्हणून बाबानं सारा कापूस घरातच भरला व्हता, तवाची गंमत सांगतो. बैठकीत एका कोपऱ्यात मोडेम, दुसऱ्यात राउटर, अन् मधात कापसाचा डोंगर. त्याच्यावरच जुना कॉम्प्युटर मांडून मी दोघांच्या मधात फायरवॉल टाकून राहिलो व्हतो.

"हे काय व्हय?" बाबानं इचारलं.

"भिंत. बाहेरून येईन ते तपासून आत सोडते. कॉम्प्युटरातच दुसरा कॉम्प्युटर बनवाचा अन् त्याच्यात उभी कराची."

"म्हंजे हाय बी अन् नाही बी?"

"तसंच."

भिंत सुरू केली. खिडकीतून ऊन आलं व्हतं, कापूस गरम झाला व्हता, त्यात डोळा कवा लागला समजलंच नाही. सपनात मी ढगावर निजलो व्हतो अन् खाली आमचं वावर हळूहळू सरकत व्हतं.

जागा झालो तं बाबा मोबाइल घेऊन उभे.

"काहून रे, याच्यात दुपारपासून काहीच येऊन नाही राह्यलं?"

"भिंतीनं सारंच अडवलं, बाबा."

"कापसाचा भाव बी?"

"तो बी."

बाबा माह्या बाजूले कापसात आडवे झाले. छताकडे पाहत म्हणे, "भिंत तं तू आज बांधली. मंग इतके दिवस भावाले कोनं अडवलं व्हतं?"