मच्छरदाणीतली फुलं

सांगा बरं मंडळी — फुलपाखरू फुलावर बसलं, तर फूल उष्टं झालं का? ते देवाला चालेल का? नुसत्या माना डोलवू नका! उत्तर द्वारकाकाकूंच्या परसबागेत आहे.

झेंडू, सदाफुली, तुळस आणि मांडवावर दुधीचा वेल. वेल मुद्दाम लावलेला! लेक शालन पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा महिना सरत आलेला. बाळंतिणीच्या ताटात घरच्या वेलाचा दुधी पडावा — काकूंना एवढाच ध्यास!

पण सोवळं कडक हो! फुलावर माशी बसली, की काकूंच्या कपाळाला आठी. एक दिवस काय केलं? घरातल्या साऱ्या मच्छरदाण्या जोडल्या आणि वेलासकट बागेवर पांघरल्या!

"अगं, मला डास फोडून काढतात!" नरहरीकाका ओरडले.

"तुम्हांला कुठे देवाला वाहायचंय?"

हसा, हसा! पण दुधीचं काय झालं? फुलामागे इवले दुधी दिसत, पिवळे पडत — आणि गळत! काकूंनी लिंबू-मिरची बांधली, शेजारणीच्या नजरेला बोल लावला. गळ थांबेना! काकूंचा जीव तीळतीळ तुटायचा.

एका सकाळी काकू पंचामृत कालवत होत्या. शालन परसदारी बसलेली. "आई, मधमाश्या जाळीला धडका देताहेत बघ. काल तिन्हीसांजेला पतंगही असेच माघारी गेले. फुलावर कुणी बसलंच नाही, तर फळ धरेल कसं गं?"

"आणि फुलं उष्टी होतील ती?"

"होतील की! पण तुझ्या चमच्यात काय आहे?"

मध! काकूंचा हात जागीच थांबला. मध कुणाच्या तोंडचा, मंडळी? आणि देव तो रोज गोड मानून घेतोय!

काकू उठल्या — पूजा अर्धी टाकून! मच्छरदाण्या ओढून काढल्या भराभरा! घटकेत तुळशीवर गुणगुण, सदाफुलीवर फुलपाखरं. दिवेलागणीला दुधीच्या पांढऱ्या फुलांवर पतंगांची झुंबड! काकू ओट्यावर जपाला बसलेल्या — मणी एक पुढे सरकेल तर शपथ!

शालनला मुलगी झाली. बारशाला ताटात दुधी होता — घरचा, कोवळा!

त्याच सकाळी काकू झेंडू तोडायला गेल्या, तर फुलात मधमाशी. काकूंनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "तुझं होऊ दे बाई सावकाश. देव थांबेल."

काकांची मच्छरदाणी पलंगावर परत आली, मंडळी. तुमची कुठे पसरली आहे? दारी आलेल्या कुणाला 'विटाळ होईल' म्हणून थोपवलंय? घरी जा, आधी ती काढा. आरतीला उशीर झाला तरी चालेल — देव थांबेल!