आमचा बँड चालूच हाय

...आता बँड बंद पडला असं कोण म्हणतं? अंथुर्ण्यात कुणालाबी इचारा, बँड चालूच हाय. तुमाला सांगतो, त्र्याण्णव साली आमी चौघं हुतो, विजयसिंह पुण्यासनं शिक्षण अर्धं टाकून आला आन् गिटार तेवढी पुरी घेऊन आला, मला म्हणला, "बिरदेव, तू ढोल वाजव, गेणू ओव्या गाईल, आप्पासाहेब बासरी, आपण सायकेडेलिक फोक करू." म्हंजी काय रं बाबा? तर ओवी आपलीच, पर ऐकणाऱ्याला वाटलं पायजे आपण पाण्याखाली बसलोय. पयला कार्यक्रम पळसदेवला. तिथलं सोनबा तात्या उठून म्हणलं, "लेकरांनो, आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखालीच हाय की. त्याला गिटार कशाला?"

बरं, चौऱ्याण्णवला आप्पासाहेबाचं लगीन ठरलं, सासरा म्हणला, बासरी न्हायतर पोरगी. बासरी गेली. तिच्या जागी दादासो पेटी घेऊन आला, दोन महिन्यांत पेटीसकट इंदापूरला दुकानात बसला. पर बँड चालूच हाय, व्हय.

मग पंच्याण्णवला माज्याच हट्टानं बारामतीत कॅसेट भरायला गेलो. गेणूची ओवी पस्तीस मिनिटांची, मशीनवाला म्हणतो, "एका बाजूला तीसच मावतात, आटपा." आता तुमीच सांगा, ओवीत देवाला बोलावलं की त्याला ठिकाणाला पोचवल्याबिगर गाणं मोडत न्हाईत, ही आमची रीत, आन् गेणू गातोय डोळं मिटून... टेप संपली तरी गातोय... कॅसेट ऐकली तर देव नीरेच्या काठापतूर आला आन् खटकन बंद. गेणू मला म्हणला, "बिरदेवा, माझ्या देवाला अर्ध्या वाटंत सोडलंस. तुज्यासंगं पुन्हा गाणार न्हाय." उठला, गेला. लई वाईट वाटलं मला. तसला आवाज पुन्हा कुठनं आणू? विजयसिंहानं गिटार खुंटीला टांगली, साखर कारखान्याच्या हापिसात चिकटला. राहिलो मी आन् ढोल. तरी बँड चालूच.

आन् परवा मलाबी कारखान्याचं पत्र आलं. वजनकाट्यावर जागा हाय, गाळप सुरू व्हायच्या आत हजर व्हा. आता बँडला न इचारता जायचं कसं? रीतसर बैठक घेतली, सतरंजी टाकली, मी एकटाच बसलो, मीच उभा राहिलो, मीच राजीनामा मांडला...

तुमाला खोटं वाटंल, कुणी एकानंसुदीक थांब म्हणलं न्हाय.