गजाननभाऊंना दिलेला अंगठा

नोकरीधंद्याच्या ओळखींचं ते ॲप माझ्या फोनमध्ये अजून आहे, पण खरं सांगू, उघडायची लाज वाटते.

मोताळ्याचे गजाननभाऊ माझे उस्ताद. खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन खोलायला मला त्यांनीच शिकवलं. पुढं मी दुसऱ्या मिलमध्ये सुपरवायझर झालो. ओळखी टिकवायच्या म्हणून रोज सकाळी चहा पिता पिता येईल त्या मेसेजला अंगठा देत सुटायचो. वाचायचो नाही. आमच्याकडे फिटरची जागा निघाली, तर त्याच ॲपवरून एक अनोळखी माणूस घेतला.

नंतर मोताळ्याच्या बाजारात भाऊ दिसले. वांगी विकत बसले होते. खामगावची ती जिनिंग बंद पडली होती.

"भाऊ, मले सांगितलं काऊन नाही? आमच्याकडं फिटरची जागा होती."

"तुलेच तं लिवलं होतं बे, काही काम असलं तं पाह्य म्हनून."

मी तिथंच फोन काढला. त्यांचा मेसेज होता, आणि त्यावर माझा अंगठा.

भाऊ गिऱ्हाइकाची वांगी तोलत शांतपणे म्हणाले, "मले वाटलं, तू हो म्हनलं. महिनाभर दुसरीकडं कुठं इचारलंच नाही."