रविवारची हजेरी

मंडळी, आज दोन शब्द घेऊन बसू. एक शिक्षा, दुसरा शिक्षण. दोघे एकाच धातूच्या पोटचे, सख्खे भाऊ. मग मला सांगा, शिक्षा भोगून माणूस बाहेर आला, तो शिकला का? आणि शिकला, तर सुटला का? मी पुस्तकांत पुष्कळ शोधलं. सापडलं नाही, किंवा मला कळलं नसेल. म्हणून आज हे आख्यान. पेटीवाले, जरा हळू धरा. माझा आवाज आधीच बारीक.

ऐका. समुद्रकाठी वेळणे नावाचं गाव. तिथे धाकू गवस, माडांच्या बागेवर जगणारा, निरक्षर. शेजारी श्रीपाद, कॉलेजात जाणारा तरुण. दोघांच्या बागांना पाट एकच, म्हणून पाण्याला वारांप्रमाणे पाळी. एके सकाळी धाकूनं पाणी आपल्याकडे वळवलं. श्रीपाद हसत म्हणाला, "धाकूदादा, आज रविवार. पाळी माझी. कॅलेंडर वाचता येत नाही, तर विचारायचं तरी."

धाकूच्या हातात फावडं होतं.

वार रविवारच होता, मंडळी. पण ते कळेतोवर श्रीपाद उरला नव्हता.

धाकूला जन्मठेप झाली. तुरुंगात सकाळ-संध्याकाळ नाव पुकारतात, आपण म्हणायचं — हजर. तिथेच तो अक्षरं शिकला. दहावी झाला, बारावी झाला. सुटला तेव्हा बायको वारलेली, गाव तोंड फिरवणारं. तालुक्याला लाकडाच्या वखारीत राहिला आणि तिथल्या कॉलेजात भरणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या वर्गात नाव घातलं. कशासाठी? तुरुंगातले साहेब म्हणाले होते, "पदवी घेऊन ये, कैद्यांना शिकवायला ठेवतो." बाहेर दुसरं कुणी त्याला बोलावत नव्हतं. ती पदवी गेली असती, तर त्याला जायला जागाच नव्हती.

वर्ग कधी भरायचा? रविवारी.

पहिला दिवस. खिडकीतून कोवळं ऊन आलेलं. बाई हजेरी घेतायत. "धाकू गवस?" धाकूनं तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारून आवाज आला — "हजर."

शेजारी कोण? कुणीच नाही. बाईंनी खूण केली, पुढचं नाव घेतलं. एकाची मान वळली नाही. पण धाकूनं आवाज ओळखला.

मागे कुणीतरी हसलं. हसा. घरी जाताना एकटे जाता की सोबत शोधता, ते मी बघतोच.

दर रविवारी हेच. शेवटी धाकू जायचाच थांबला. महिन्याभरानं मासळी बाजारात बाई समोर आल्या. हा तोंड लपवतोय, तर त्याच म्हणाल्या, "धाकूकाका, कौतुक वाटतं तुमचं. एक रविवार चुकवला नाहीत."

"मी?"

"नाहीतर कोण? हल्ली ‘हजर’पलीकडे बोलत नाही एवढंच. आणि फळ्याकडे असे बघत बसता, की शिकवताना माझ्या अंगावर काटा येतो."

धाकूची पिशवी गळाली. बांगडे रस्त्यावर.

आता विचार करा. घरबसल्या हजेरी लागते आहे. तुम्ही काय केलं असतं? मी तर बहुधा गप्प बसलो असतो. धाकू मात्र वेळण्याला गेला, श्रीपादच्या आईच्या अंगणात. भर दुपार, माडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या. सुभद्राकाकू ओटीवर तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "धाकू ना? पावलावरून ओळखलं."

पायरीवर पुरुषी चपलांचा जुना जोड. अंगणात सगळी पांढरी वाळू, आणि चपलांना ओली लाल माती. तालुक्याच्या कॉलेजच्या वाटेवर असते तशी.

"रविवारी सकाळी जागेवर नसतात," काकू म्हणाली. "संध्याकाळी येतात. कुठे जातो रे तो?"

"वर्गात, काकू. माझ्या जागी."

सुपातले खडे वेचणं चालूच होतं. "तुझ्या जागी कसा? रविवार त्याचा. पाळी त्याची. त्याचं नाव कुणी पुकारत नाही, म्हणून तुझ्या नावाला ओ देतो."

"मी वर्ग सोडतो."

"सोडून माझ्या पोराला काय मिळणार? तुझ्या नावाला तू ओ दे. आणि त्याचं नाव पुकारायला कुणीतरी हवं रे. मी एकटी किती पुकारू?" मग म्हणाली, "आता जा. ओटीवर चढू नकोस."

पुढच्या रविवारी धाकू बाकाच्या टोकाला बसला, अर्धी जागा सोडून. "धाकू गवस?" शेजारी श्वास ऐकू येत होता. वाट बघणारा. धाकू म्हणाला, "हजर." शेजारी बाक नुसतं करकरलं, कुणी सावरून बसावं तसं. पदवी हाती येईपर्यंत ते करकरत राहिलं.

धाकू आता त्याच तुरुंगात शिकवतो. कैद्यांची नावं संपली की आणखी एक पुकारतो, "श्रीपाद." आणि थांबतो. एखादा नवखा हसतो, "काय मास्तर, हा पळाला वाटतं?"

धाकू म्हणतो, "थांब जरा. लांबून यायचंय त्याला."

पहिल्या बाकावर एक जागा रिकामी असते. रविवारचा वर्ग सुटला की त्या जागेखालची लाल माती धाकू स्वतः झाडतो.

तर धाकू सुटला का? मला वाटतं, नाही. पण शिकला. आता तुमचं बघू. आपण सगळे इथे हजर. पण तुमच्या शेजारी, सतरंजीवर, थोडी जागा मोकळी आहे. तिथे कोण असायला हवं होतं, आणि कुणामुळे नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्याचं नाव घ्या. मोठ्यानं नको, मनात. मी थांबतो.

पेटीवाले, पेटी मिटा. ओ आली, तर ऐकू यायला हवी.